मण्यार, व्हेंटिलेटर आणि कॅज्युअल्टीवरची पाटी

मी डॉक्टर नाही. ट्रस्टच्या रुग्णालयात प्रशासन अधिकारी आहे, मूळचा हिशेबाचा माणूस. त्यामुळे खाली औषधोपचाराचं जे येईल ते केसपेपर वाचून आणि डॉक्टरांना विचारून लिहिलेलं आहे. कागदपत्रांचं मात्र सगळं माझ्या हातून गेलेलं, आणि त्यातली चूकही बरीचशी माझीच. रुग्णाची आणि डॉक्टरांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्णालय सिंधुदुर्गात, ६६ क्रमांकाच्या महामार्गापासून पाच मिनिटांवर, चाळीस खाटांचं. हाडांचे डॉक्टर रोज असतात, सर्जन आठवड्यातले चार दिवस. फिजिशियन कणकवलीहून सकाळी येतात आणि दुपारी परत जातात. रात्री एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि दोन सिस्टर. महामार्गावरचा अपघात रात्री आला तर आमची ठरलेली पद्धत होती: सलाईन लावायचं, पट्टी बांधायची आणि बांबोळीला पाठवायचं. बांबोळी म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज, रस्ता चांगला असला तरी दोन तास. दुसरी वाट कोल्हापूरची, पण ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, म्हणजे फोंडा घाटाने जायचं.

त्या वर्षीच्या जानेवारीत आमच्याकडे इमर्जन्सीच्या डॉक्टर रुजू झाल्या. वेंगुर्ल्याकडच्या. एमबीबीएस सरकारी कॉलेजातून, मग मुंबईच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात तीन वर्षं एमईएम, म्हणजे मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन, आणि वर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनची एमआरसीईएम ही परीक्षा. वडील आजारी म्हणून त्या गावाकडे परतल्या होत्या. आमच्या विश्वस्तांना गणपती आठ महिने आधीच आल्यासारखं झालं.

महिन्याभरात कॅज्युअल्टी ओळखू येईना. ट्रॉलीत कुठल्या खणात काय, हे सिस्टरांना डोळे मिटून सांगता यायला लागलं. ‘बांबोळी’ हा शब्द आधी उपचार सुरू झाल्यावर उच्चारायचा, असा नियमच झाला. विश्वस्तांनी ठरवलं की आता पाटी लावायची.

पाटीवर नावापुढे काय लिहायचं हे मॅडमनी सांगितलं होतं: एमबीबीएस, एमईएम, एमआरसीईएम. एक विश्वस्त म्हणाले, “लोकांना एमईएम काय कळणार? एम.डी. लिहा. तेच ना ते?” पेंटरकडे कागद गेला आणि पाटी लागली: एम.डी., इमर्जन्सी मेडिसिन. मॅडमनी मला दोनदा सांगितलं की हे बदला. मी दोन्ही वेळा म्हटलं, पुढच्या महिन्यात. साडेसातशे रुपयांचं काम होतं, पण मार्चअखेरीचा हिशेब, मग ऑडिट, मग पाऊस. पाटी तशीच राहिली.

‘तेच’ ते नव्हतं. इमर्जन्सी मेडिसिन ही आपल्याकडे तशी कोवळी शाखा; मेडिकल कौन्सिलने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या आधीच्या संस्थेने, तिला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. त्यानंतर एम.डी.च्या जागा हळूहळू आल्या, डीएनबी ही एम.डी.च्या तोडीची मान्य पदवीही सुरू झाली. पण माणसं तर लागत होतीच, म्हणून मोठ्या खासगी रुग्णालयांनी परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने स्वतःचे अभ्यासक्रम चालवले. एमईएम त्यातलाच. शिकणाऱ्याच्या रात्रपाळ्या खऱ्या असतात आणि समोर येणारे रुग्णही खरेच असतात. पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मान्य पदव्यांत तो बसत नाही. म्हणून महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्याची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद होत नाही, आणि नोंदवहीत त्या डॉक्टरपुढे शेवटपर्यंत एमबीबीएस एवढंच राहतं.

२००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत यावर दोन कलमं आहेत. १.४.२ म्हणतं, नावापुढे मान्य पदव्याच लावाव्यात, किंवा व्यावसायिक ज्ञान देणारी प्रमाणपत्रं आणि सदस्यत्वं. इथे एमआरसीईएमला थोडी जागा निघते, असं एक वकील मला म्हणाले. ७.२० मात्र सरळ आहे: त्या शाखेतली विशेष पात्रता नसेल तर तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली आणली होती, पण तीन आठवड्यांत तिला स्थगिती दिली, त्यामुळे आजही बोलायचं ते २००२ च्या कलमांवरच. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

आता योजनेचं. सरकारी खर्चाने रुग्णालयात मोफत उपचार देणारी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना मुळात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात कोकणातला रायगड होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ मध्ये आजचं नाव आलं, २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडून चालते. पूर्वी कवच दीड लाखाचं होतं आणि रेशनकार्डाचा रंग बघावा लागे. १ जुलै २०२४ पासून ते कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं झालं आणि पांढऱ्या कार्डालाही लागू झालं. म्हणजे आमच्या दारात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस योजनेतला. आमच्या एका विश्वस्तांच्या भाषेत, “आता गल्ल्यावर कोणी येणारच नाही, सगळे आरोग्यमित्राच्या टेबलावर.” आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस.

रुग्णालय योजनेत येतं ते सरसकट येत नाही, विशेषतांप्रमाणे येतं. अस्थिरोग हवा तर त्याचा तज्ज्ञ दाखवा, सर्जरी हवी तर सर्जन, प्रत्येकाच्या पदवीचा आणि परिषदेच्या नोंदणीचा कागद जोडा. आमच्याकडे मेडिसिन आणि अतिदक्षता या दोन्ही विशेषता फिजिशियनच्या नावावर होत्या. मे महिन्यात आम्ही महामार्गावरच्या अपघातांसाठी पॉलिट्रॉमाचा, म्हणजे एकाच वेळी झालेल्या अनेक गंभीर जखमांच्या उपचाराचा, अर्ज टाकला. आमच्या लेखनिकाने तज्ज्ञांची माहिती भरताना इतरांच्या पदव्या फाइलमधून घेतल्या आणि मॅडमची, फाइल माझ्या कपाटात कुलुपात होती म्हणून, पाटीवरून उतरवून घेतली.

तो अर्ज गेला आणि आम्ही विसरलो.

जुलैचा तिसरा आठवडा. लावणी उरकलेली, पाऊस धो धो. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी एक टेम्पो कॅज्युअल्टीसमोर थांबला. शेहेचाळीस वर्षांचा शेतकरी, बायको आणि धाकटा भाऊ सोबत. बायको म्हणत होती, “पोटात दुखता म्हणान उठले, सोडा दिलंय. आता त्येंका डोळे उघडूकच जमणा नाय.” आरएमओला आधी वाटलं पित्त, मग वाटलं अर्धांग. मॅडम त्या रात्री ड्यूटीवर होत्या. त्यांनी विचारलं, “झोपले कुठे होते?” जमिनीवर, गोधडी टाकून. मान उचलायला सांगितली, उचलेना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, सातावर थांबला. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूणही नाही.

“पान लागलंय,” मॅडम म्हणाल्या. आमच्याकडे सापाचं नाव रात्री कोणी घेत नाही, त्यांनीही घेतलं नाही. पण केसपेपरवर त्यांच्या अक्षरात आहे: मण्यारीचा दंश असावा, लक्षणांवरून निदान.

मण्यारीचं असंच असतं, असं त्यांनी मला नंतर समजावलं. घोणस किंवा फुरसं चावलं तर जागा सुजते, रक्त गोठत नाही, आरडाओरडा होतो. मण्यार झोपेत चावते. दुखत नाही, खूण बहुतेक वेळा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. नागाच्या विषात निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होतो; मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच बिघाड करतं, म्हणून तिथे ते फारसं चालत नाही. सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच, पण तंतूंना झालेली इजा लस दिल्याने लगेच भरून येत नाही. तोवर श्वास दुसऱ्या कोणीतरी घ्यावा लागतो.

चार पस्तीसला लशीच्या दहा कुप्या सुरू झाल्या. निओस्टिग्मिन देऊन पाहिलं, पापण्या हलल्या नाहीत. पाच वाजून दहा मिनिटांनी नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला. पाच चाळीसला मॅडमनी फिजिशियनना फोन केला. बांबोळीच्या वाटेत या माणसाचा श्वास बांद्याच्या आसपास थांबला असता, हे आरएमओचं मत. मी फक्त लिहून ठेवतो.

त्याच वेळी बाहेर दुसरं काही चाललं होतं. रात्रीच्या कॅशियरने, नेहमीच्या सवयीने, पंधरा हजार डिपॉझिट मागितलं. भाऊ म्हणाला, “रातीच्या येळाक पैशे खयसून हाडू? कार्ड हा माझ्याकडे.” कार्ड होतं, केशरी. पण आरोग्यमित्र सकाळी यायचा आणि कॅशियरला फक्त पावतीपुस्तक माहीत. भावाने काजूच्या व्यापाऱ्याला उठवून नऊ हजार आणले. पावती फाडली गेली. योजनेतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत ही आमच्या करारातली अट आहे. आणि आणीबाणीत फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून लावता येतात, ही सोयही आहे. तो फोन करायचा कोणी, हे आमच्याकडे ठरलेलंच नव्हतं. मॅडम नळी घालत होत्या. त्यांनी फोन करावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

सकाळी आरोग्यमित्राने प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या पूर्वमंजुरीची मागणी, टाकलं. सर्पदंशात व्हेंटिलेटर लागला तर त्याचं पॅकेज, म्हणजे त्या उपचाराची योजनेने ठरवलेली रक्कम, अतिदक्षतेत आहे, ते निवडलं. उपचार करणारे डॉक्टर या रकान्यात केसपेपरवरचं नाव गेलं: मॅडमचं. दुपारी योजनेकडून क्वेरी, म्हणजे शंका, आली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव या विशेषतेच्या तज्ज्ञांच्या यादीत नाही, खुलासा करावा. आणि योगायोग म्हणा, त्याच दिवशी मेमधल्या अर्जावरही क्वेरी येऊन पडली: संबंधित डॉक्टरांच्या एम.डी. पदवीचं आणि परिषदेतल्या अतिरिक्त नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं.

दोन्ही क्वेरींचे कागद समोर घेऊन मी बसलो. मला जे सुचलं ते सांगतो. पहिल्या क्वेरीला सोपा उपाय होता. केसपेपरच्या डाव्या कोपऱ्यात, दाखल केल्याच्या वेळेपुढे, फिजिशियनचं नाव लिहायचं. एक ओळ. माणूस व्हेंटिलेटरवर, घरचे बाकड्यावर, पॅकेज मंजूर झालं की सगळ्यांचं भलं. असं कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही. मी केसपेपर घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी पेन घेतलं नाही. “सर, साडेचारला ते कणकवलीत झोपले होते. नळी मी घातली. हा माणूस गेला तर कोर्टात कोणाला विचारणार? आणि वाचला तरी तेच.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “माझ्या नावापुढे जे नाही ते तुम्ही पाटीवर लावलंत. आता मी जे केलं ते कागदावरून काढताय.”

मी फिजिशियनना फोन केला. मला वाटलं होतं ते तरी समजून घेतील. ते म्हणाले, “मी सव्वानऊला आलो, पेशंट तपासला, आयसीयू माझ्याखाली घेतला. तिथपासून माझं नाव लिहा. आधीचं तिचं.”

उत्तर शेवटी तसंच गेलं. एका पानावर वेळेप्रमाणे सगळं: कोण कधी आलं, काय दिलं, कोणाला केव्हा कळवलं. कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी म्हणून मॅडमचं नाव आणि त्यांची एमबीबीएसची नोंदणी, सव्वानऊपासून प्रभारी तज्ज्ञ म्हणून फिजिशियनचं नाव, सोबत ड्यूटीचा तक्ता. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरने आणीबाणीत जीव वाचवायला कायद्याची आडकाठी नाही. उलट परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते डॉक्टरचं कर्तव्य ठरवलं आहे. उपचार करायचा हक्क एक, तज्ज्ञ म्हणवून घ्यायचा दुसरा, योजनेत तज्ज्ञ म्हणून दाखवलं जाण्याचा तिसरा. आम्ही तिन्हींची एकच गाठोडी बांधली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली.

दुसऱ्या क्वेरीला उत्तर नव्हतं, माफीच होती. पदवीची माहिती चुकीची भरली गेली, अर्ज मागे घेत आहोत, असं पत्र मी माझ्या सहीने पाठवलं. पेंटरची चूक म्हणून पाटी एखाद्या वेळी खपते. सही-शिक्क्याच्या अर्जात तेच अक्षर गेलं की त्याला खोटी माहिती म्हणतात. त्याची झळ रुग्णालयाला नाही लागली तर डॉक्टरला लागते, कारण परिषद नोंदणी बघते ती माणसाची, ट्रस्टची नव्हे. पॉलिट्रॉमा आजतागायत आमच्याकडे नाही.

नऊ हजार चौथ्या दिवशी परत केले, भावाची सही घेऊन. तो म्हणाला, “व्यापाऱ्याक व्याज धरून दिलंय.” व्याज किती ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रुग्ण चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. पाचव्या दिवशी नळी काढली, नवव्या दिवशी चालत घरी गेला. नळी काढल्यावर पहिलं वाक्य त्याने बायकोला उद्देशून बोललं ते असं की नांगर शेजाऱ्याकडे आहे, तो आणून ठेव.

इथे मला नियमाविरुद्ध रागाने लिहायची संधी आहे, पण तसा राग मला येत नाही. खोट्या पदव्यांचे बोर्ड लावून बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. योजनेतून पैसा जनतेचा जातो, तेव्हा पदवीचा कागद मागणं गैर नाही. खटकतं ते वेगळं. अतिदक्षतेचं पॅकेज, सर्जरीचं पॅकेज, हाडाचं पॅकेज, सगळी रुग्ण वर वॉर्डात गेल्यानंतरच्या डॉक्टरच्या नावाने लागतात. पहाटे चार पस्तीस ते सव्वानऊ या वेळातल्या माणसाला आमच्या एकाही कागदावर धड रकाना नाही. तो वेळ नीट गेला नसता तर वरच्या पॅकेजचा प्रश्नच आला नसता.

कोकणात हे नवंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली, त्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कामाची सुरुवात झाली तेव्हा इमर्जन्सी मेडिसिन नावाची शाखा आपल्या नोंदवहीत नव्हतीच. मात्र हे उदाहरण देऊन मी मॅडमपुढे मोठेपणा करायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, बावसकर सरांनी एम.डी.पण केलं.” तेही खरंच.

पाटी मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बदलली. आता एमबीबीएस, खाली नोंदणी क्रमांक, त्याखाली ‘वैद्यकीय अधिकारी, आपत्कालीन विभाग’. एमआरसीईएम लिहू का, असं विचारलं, तर नको म्हणाल्या. विश्वस्तांच्या बैठकीत एकाने लगेच पगाराचा विषय काढला: तज्ज्ञ नाहीत तर तज्ज्ञाचा पगार कसा? तो ठराव झाला नाही, पण इतिवृत्तात चर्चा आली, आणि इतिवृत्त टाइप करायला दिलं ते कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच्या मुलीला. म्हणजे ते मॅडमपर्यंत पोचलंच.

रात्रीची व्यवस्था तेवढी बदलली. कॅशियरच्या टेबलावर १५५३८८ हा योजनेचा क्रमांक मोठ्या अक्षरात चिकटवला, फोन कोणी करायचा ते नावानिशी ठरवलं, आणि कार्ड असलेल्याकडून पावती फाडली तर ती कॅशियरच्या पगारातून, असं लेखी काढलं. केसपेपरवर एक ओळ वाढवली: कॅज्युअल्टीत पहिलं कोणी तपासलं, किती वाजता, आणि रुग्ण कोणाच्या ताब्यात किती वाजता दिला. छपाईला सहाशे रुपये.

नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, त्या वर्षी ११ ऑगस्टला झाली. मॅडमनी दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा मला कळलं की त्या परीक्षेला बसताहेत. फॉर्म त्यांनी आमच्या प्रकरणाच्या कितीतरी आधी भरला होता. आम्हाला जे जुलैत उमगलं ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं; रात्रपाळीत काउंटरखाली पुस्तक असायचं ते त्याचंच. राज्याबाहेर डीएनबी इमर्जन्सी मेडिसिनची जागा मिळाली आणि नवीन वर्षात त्या गेल्या. तीन वर्षं पुन्हा तेच शिकायचं, असं मी म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तेच नाही सर. यावेळी नोंदणी होईल.”

जागा रिकामी आहे. जाहिरात मी स्वतः लिहिली: एम.डी. किंवा डीएनबी, इमर्जन्सी मेडिसिन, परिषदेची अतिरिक्त नोंदणी आवश्यक. आतापर्यंत दोन अर्ज आलेत. दोन्ही एमबीबीएस, एमईएम. एक मुलगा देवगडचा आहे. त्याला सोमवारी भेटायला बोलावलंय, आणि फाइल या वेळी कपाटाबाहेर काढून ठेवली आहे.